झांबियासाठी तुमच्या खासदाराला एक पत्र लिहा: ब्रिटनमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ब्रिटनमधील सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वर्गणीसाठी नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मागणं एका कायद्याचं आहे. तो वेस्टमिन्स्टरच्या संसदेत व्हायला हवा, त्याचा उपयोग झांबियासारख्या कर्जात रुतलेल्या देशांना होईल, आणि तो व्हावा म्हणून खासदाराच्या मागे लागायचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे. आपल्यातल्या पुष्कळांना हा हक्क असल्याचंच ठाऊक नसतं. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला, नोकरीच्या व्हिसावर येऊन वर्षच झालं असलं, तरी राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक आणि इथले कायदेशीर रहिवासी म्हणून तुम्हाला इथल्या संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं. फक्त मतदारयादीत नाव हवं. युरोपातल्या बहुतेक देशांतून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांना हे करता येत नाही. रेडिंग, स्लाउ, हॅरो, मिल्टन कीन्स अशा गावांत मराठी घरं किती आहेत ते गणपतीच्या आरतीला दिसतंच. त्यातल्या किती घरांनी आपल्या खासदाराला आजवर एक ओळ लिहिली असेल?

आता झांबियाच का, आणि त्यात लंडनचा संबंध काय, ते सांगते.

गरीब देशांनी खासगी सावकारांना विकलेले जे कर्जरोखे आहेत, त्यांतले सुमारे ९० टक्के इंग्लंडच्या कायद्याखाली आहेत. रोख्याच्या कागदावरच तसं लिहिलेलं असतं. कर्ज घेणारं सरकार आफ्रिकेतलं, रोखे घेणारा फंड न्यूयॉर्कचा किंवा कुठल्या तरी बेटावर नोंदलेला, आणि भांडण झालं की ते लंडनच्या हायकोर्टात. या कर्जांवर कायदा करण्याची ताकद जगात मुख्यतः दोनच ठिकाणी आहे, न्यूयॉर्कमध्ये आणि इथे. झांबियाची राजधानी लुसाका, तिथल्या संसदेने काहीही ठरवलं तरी या रोख्यांवर त्याचा परिणाम होत नाही.

झांबियाची गोष्ट तांब्यापासून सुरू होते. १९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाची परकीय चलनाची कमाई जवळजवळ सगळी तांब्यावर चालायची. १९७३ मध्ये तेल भडकलं, पाठोपाठ तांब्याचे भाव कोसळले. ही तात्पुरती अडचण आहे, भाव परत वर येतील, असं सगळ्यांनीच धरलं आणि कर्जं काढली. भाव आले नाहीत. १९७९ नंतर अमेरिकेने व्याजदर चढवले आणि तीच कर्जं फुगत गेली. डिसेंबर १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींप्रमाणे मक्याच्या पिठावरचं अनुदान काढलं गेलं. मक्याचं पीठ म्हणजे तिथली रोजची भाकरी. किटवे, एनडोला या खाणपट्ट्यातल्या शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. केनेथ कौंडा यांनी अनुदान परत दिलं आणि मे १९८७ मध्ये जाहीर केलं, की निर्यातीच्या कमाईच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त कर्जफेड आम्ही करणार नाही. ते फार काळ टिकलं नाही.

टिकणार तरी कसं? एकटा देश एवढं बोलला, की त्याच्या पतपुरवठ्याची दारं एका रात्रीत बंद होतात. ती परत उघडायला दडपण सावकारांच्या देशांतूनही यावं लागतं. ते आलं, आणि ज्यांनी आणलं ती साधी माणसं होती. कील विद्यापीठात शिकवणारे मार्टिन डेंट आणि निवृत्त राजदूत बिल पीटर्स या दोघांनी ज्युबिली २००० ही कल्पना मांडली. बायबलमधल्या जुन्या प्रथेत दर ५० वर्षांनी कर्जदारांची सुटका व्हायची. २००० सालापर्यंत गरीब देशांची न फेडता येणारी कर्जं तशीच रद्द व्हावीत, अशी मागणी होती. चर्चच्या सभागृहांत चहा-बिस्किटांबरोबर सभा झाल्या, अर्थखात्याकडे पोस्टकार्डं गेली. १६ मे १९९८ रोजी जी-८ या बड्या देशांच्या गटाची शिखर परिषद बर्मिंगहॅममध्ये होती. त्या दिवशी सुमारे ७० हजार लोकांनी शहराच्या मध्यभागी मानवी साखळी केली. नेतेमंडळी दिवसभरासाठी वेस्टन पार्कच्या वाड्यात गेली होती, पण टोनी ब्लेअर यांना परत येऊन मोहिमेच्या लोकांना भेटावं लागलं. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेपर्यंत जगभरातून कोट्यवधी सह्या जमल्या. मोहीम संपेपर्यंत आकडा २ कोटी ४० लाखांपर्यंत गेला होता.

तिकडे लुसाकामध्ये हेच काम ज्युबिली झांबिया करत होती. जेझुइट पाद्र्यांच्या एका अभ्यासकेंद्राचा तिला आधार होता. त्या केंद्राचं एक काम मला फार आवडतं. कुटुंबाला महिनाभर जगायला लागणारं पीठ, तेल, भाजी, कोळसा, घरभाडं यांचा खर्च ते दर महिन्याला बाजारात फिरून मोजतात आणि त्याशेजारी शिक्षकाचा, नर्सचा पगार छापतात. कर्जाबद्दलची तिथली चर्चा या आकड्यांवरून व्हायची, त्यामुळे ती कुणालाही कळायची. आपल्याकडे अर्थसंकल्पावर टीव्हीवर जी वादावादी चालते, तिच्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे.

एप्रिल २००५ मध्ये झांबियाने गरीब देशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कर्जमाफी योजनेचा शेवटचा टप्पा गाठला. त्याच वर्षीच्या ग्लेनईगल्सच्या जी-८ परिषदेनंतर नाणेनिधी, जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनीही आपली जुनी येणी सोडली. ७०० कोटी डॉलरच्या आसपासचं परकीय कर्ज १०० कोटींच्या खाली आलं. एप्रिल २००६ पासून झांबियाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांत फी घेणं बंद झालं. भारतानेही २००३ मध्ये सात गरीब देशांकडची आपली थकबाकी सोडली होती. त्या सातांत झांबिया होता. आपल्या इथल्या कार्यक्रमांत भारताच्या अभिमानाची भाषणं पुष्कळ होतात, त्यांत ही गोष्ट मी एकदाही ऐकलेली नाही.

आणि अशा वेळी एक पाहुणा आला.

१९७९ मध्ये रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं घेण्यासाठी दीड कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. ते थकलं. १९९९ मध्ये रुमानिया ते कर्ज मातीमोलाने निकालात काढायला तयार झाला होता, तेव्हा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या डोनेगल इंटरनॅशनल या कंपनीने ते सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं. मग व्याज, दंड यांची बेरीज करून तिने लंडनच्या हायकोर्टात साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. निवाडा २००७ चा. न्यायमूर्ती अँड्र्यू स्मिथ यांनी कंपनीच्या साक्षीदारांवर ताशेरे ओढले, बराचसा दावा उडवला, तरी सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर झांबियाला द्यावे लागले. गुंतवलेल्या रकमेच्या जवळजवळ पाचपट. इतरांनी माफ केल्यामुळे झांबियाच्या हातात जे चार पैसे आले, त्यांतूनच हे गेले. माफी देणारे सोडत होते, न देणारा त्याच सोडलेल्या पैशावर वसुली करत होता. न्यायाधीशांनी कायद्याबाहेर काही केलं नाही. कायदाच तसा होता.

या खटल्याने इथली माणसं खवळली. त्यातून २०१० मध्ये संसदेने एक लहानसा कायदा केला. माफीच्या योजनेत बसणाऱ्या देशांवर असा दावा लावणाऱ्याला, इतर सावकारांनी जेवढं स्वीकारलं तेवढंच मागता येईल, असा त्याचा अर्थ. खासदार अँड्र्यू ग्विन यांनी मांडलेलं ते खासगी विधेयक निवडणुकीआधीच्या शेवटच्या दिवसांत घाईघाईने पार पडलं. सुरुवातीला मुदत एकच वर्षाची होती, २०११ मध्ये तो कायम झाला. लायबेरियावर अशाच एका जुन्या कर्जापोटी दोन फंडांनी इथे २ कोटी डॉलरचा निकाल मिळवला होता. कायदा आल्यावर काही महिन्यांत त्यांनी किरकोळ रकमेवर प्रकरण मिटवलं. लंडनचं वित्तक्षेत्र त्यामुळे बुडालं नाही, हे तुमच्यातल्या कॅनरी व्हार्फला जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

मग अडचण काय? हा कायदा फक्त जुन्या कर्जांना लागू आहे. झांबियाने नंतर जे रोखे विकले ते त्यात येत नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये ७५ कोटी डॉलर, २०१४ मध्ये १०० कोटी, २०१५ मध्ये १२५ कोटी. व्याज पहिल्यावर साडेपाच टक्क्यांच्या आत, शेवटच्यावर जवळपास नऊ. त्यात झांबियाच्या राज्यकर्त्यांचा दोष मोठा होता, ते झाकण्यात अर्थ नाही. रस्त्यांची कंत्राटं फुगवली गेली, संसदेला न विचारता कर्जं काढली गेली. तिथल्या संघटना सरकारला हे तोंडावर सांगत होत्या. त्यांच्या रेट्यामुळेच २०२२ मध्ये नवा सार्वजनिक कर्ज कायदा आला आणि कर्जाला संसदेची मंजुरी लागू लागली. पण नऊ टक्के व्याज कशाचं असतं? पैसे बुडण्याच्या जोखमीचं. जोखमीचा मोबदला वर्षानुवर्षं घ्यायचा, आणि जोखीम खरी ठरली की कोर्टात जाऊन पै न् पै मागायची, हे मला कळत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन काळात, झांबियाने रोखेधारकांकडे व्याजाला सहा महिन्यांची सवड मागितली. ती मिळाली नाही. ४ कोटी २५ लाख डॉलरचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार ठरला. पुढे साडेतीन वर्षं वाटाघाटी. जून २०२३ मध्ये चीन, फ्रान्स वगैरे सरकारांनी ६३० कोटी डॉलरच्या कर्जाची फेररचना मान्य केली. खासगी रोखेधारकांशी झालेला पहिला करार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या सरकारांनीच अडवला. आम्ही जेवढं सोडतोय तेवढं हे सोडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. सुधारलेला करार २०२४ च्या मध्यात अमलात आला. त्याच वर्षी तिथे भयानक दुष्काळ होता. फेब्रुवारीच्या शेवटी राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली, मका शेतात करपला, करिबाच्या धरणात पाणी नसल्याने वीज दिवसातले बहुतेक तास गायब. राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा एका हाताने मका आयात करत होते आणि दुसऱ्या हाताने रोखेधारकांशी करारमदार.

कंपनी बुडाली तर तिच्यासाठी दिवाळखोरीचं न्यायालय आहे. भारतात २०१६ चा कायदा आहे, मोठमोठ्या उद्योगांनी त्यात बँकांची हजारो कोटींची येणी कापून घेतली, आणि आपण पेपरात वाचून पुढे गेलो. माणूस बुडाला तर त्यालाही दिवाळं काढता येतं. देशासाठी असं कोर्टच नाही. नाणेनिधीच्या ॲन क्रूगर यांनी २००१ मध्ये तसा प्रस्ताव मांडला होता, अमेरिकेने आणि बँकांनी तो उभा राहू दिला नाही. त्यामुळे जो सावकार सर्वांत शेवटपर्यंत अडून बसतो त्याचं भलं होतं.

यात आपण मराठी माणसांनी का पडावं, याचं माझं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथे शेतकऱ्यांनी सावकारांना घेरलं आणि कर्जखतं, रोखे, वह्या मागितल्या. मिळाले ते जाळले. लोण शिरूर, इंदापूर, नगरकडे पसरलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही दिसलं, की जिथे कागद निमूटपणे हवाली झाले तिथे सावकाराच्या अंगाला बहुधा कुणी हात लावला नाही. रोष कागदावर होता, आणि त्या कागदाला तलवारीसारखी धार देणाऱ्या दिवाणी कोर्टावर. कुणबी कोर्टात हजर व्हायचा नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा, जमीन जायची. त्यामागे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव होता आणि तरीही वाढवलेला शेतसारा. तांब्याच्या जागी कापूस ठेवा, फार काही बदलत नाही.

सरकारने पोलीस पाठवले, धरपकड केली, ते झालंच. पण १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. न्यायाधीशाने खतावरचा आकडा खरा मानून थांबू नये, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जावं, प्रत्यक्ष किती दिलं ते पाहावं, चक्रवाढ काढून टाकावी, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नये. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षं गावोगाव फिरून काम केलं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही हा दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना, आपल्या धर्मशास्त्रातला, आणि मुंबईच्या हायकोर्टाने तो इंग्रजी अमदानीतही मानला. म्हणजे कोर्टाने कागदाच्या पलीकडे पाहावं, ही गोष्ट इंग्रज राज्यकर्त्यांनी आपल्याकडे एकदा कबूल केलेली आहे. तीच त्यांच्या संसदेकडे आज मागायची. बेल्जियमने २०१५ मध्ये थोडं पुढे जाऊन ठरवलंच आहे: पडत्या भावात कर्ज विकत घेऊन अडवणूक करणाऱ्या फंडाला, त्याने जेवढे मोजले तेवढेच मागता येतील.

मंडळात हा विषय काढला की कुणीतरी तुकोबांचं नाव घेणार, मला खात्री आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असं चरित्रकार सांगतात. ते स्वतःच्या पैशाचं होतं. रोखेधारकांनी संत व्हावं अशी अपेक्षा ठेवून कायदे होत नसतात. मला रानड्यांची वाट बरी वाटते.

दुसरी शंका नक्की येणार ती आपल्या शेतकऱ्यांची. विदर्भ-मराठवाड्यात माणसं गळफास घेतायत आणि तुम्हाला झांबिया सुचतंय? प्रश्न रास्त आहे. पण तिथली कर्जमाफी मुंबईत ठरते, आणि २०१७ ला, २०१९ ला ठरली तशी ती पुरेशी की अपुरी यावर भांडायला आपले तिथले भाऊबंद समर्थ आहेत. आपण हॅरोत बसून मुंबईच्या मंत्रिमंडळाला हलवू शकत नाही. हॅरोच्या खासदाराला हलवू शकतो.

तिसरी शंका पैशाच्या धंद्यातल्या मंडळींची: असे कायदे केले तर या देशांना पुन्हा दारात कोण उभं करील? २००५ ला माफी झाली आणि सातच वर्षांनी झांबियाच्या ७५ कोटी डॉलरच्या रोख्यांसाठी जवळपास १२०० कोटी डॉलरची मागणी आली होती. बाजाराची स्मरणशक्ती एवढीच असते. आणि रोखे न्यूयॉर्कला जातील म्हणाल, तर तिथल्या विधिमंडळातही असेच मसुदे अनेकदा येऊन गेलेत.

तेव्हा मागणं काय, ते नेमकं लिहिते. खासदाराला दोन गोष्टी सांगायच्या. एक, २०१० चा कायदा नव्या कर्जांनाही लावा, म्हणजे सरकारांनी आणि बहुतेकांनी मान्य केलेल्या तडजोडीपेक्षा जास्त कुणालाही इथल्या कोर्टात मागता येणार नाही. दोन, वाटाघाटी चालू असताना त्या देशावर दावा लावायला बंदी घाला. संसदेच्या आंतरराष्ट्रीय विकास समितीने मार्च २०२३ मध्ये खासगी सावकारांसाठी कायद्याचा विचार करा, असं सरकारला सांगितलेलं आहे, त्याचा उल्लेख जरूर करा. सरकारचं ठरलेलं उत्तर असतं, की करारांतल्या ऐच्छिक कलमांनी काम भागतं. ते छापील उत्तर आलं की पुन्हा लिहा आणि झांबियाला साडेतीन वर्षं का लागली ते विचारा. बहुतेक खासदार शुक्रवारी किंवा शनिवारी मतदारसंघात लोकांना भेटतात. चौघेजण मिळून गेलात तर त्यांच्या लक्षात राहतं.

ज्यांच्या पगारातून पेन्शन कापली जाते त्यांनी विश्वस्तांना एक ईमेल करावा: आपल्या निधीत कुठल्या देशांचे रोखे आहेत, आणि तो देश अडचणीत आल्यावर आपल्या फंड व्यवस्थापकाने काय भूमिका घेतली? हे विचारायचा सभासदाला हक्क आहे. उत्तर यायला वेळ लागतो.

आणि मंडळांच्या कार्यकारिणींना विनंती, की यंदाच्या गणेशोत्सवात वडापावच्या आणि साड्यांच्या स्टॉलशेजारी एक टेबल द्या. टेबलावर दोन गोष्टी असतील: मतदारयादीत नाव घालायची माहिती आणि खासदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा. ज्युबिली २००० ची वारस असलेली डेट जस्टिस ही संस्था इथे हेच काम करते, तिचं साहित्य मागवता येईल. मंडळ राजकारणात पडत नाही, असं मला सांगितलं जाईल. सह्या करणारे सभासद वैयक्तिक नात्याने करतील, मंडळाच्या नावाने कुणी काही मागणार नाही. तेवढ्यानेही मंडळाच्या घटनेचा भंग होत असेल तर वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवा. सूचक मी आहे, अनुमोदक आणते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद